चित्रफीत सगळ्यांची, नजर ज्याची त्याची

मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे नाव निघाले की गाणारा माणूस आजही नकळत कानाला हात लावतो. खाँसाहेब १९३७ साली गेले. मागे राहिल्या त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या. त्या लावल्या की किराणा घराण्याचा तो हळुवार सूर जवळजवळ नव्वद वर्षांनंतरही कानात उतरतो. पण सूर लांबवताना त्यांची बोटे मिटत होती की उमलत होती, मींड घेताना हात कोणत्या दिशेने सरकत होता, समेच्या आधी नजर तबलजीकडे वळत होती का, यातले काहीच तबकडीवर उतरलेले नाही. आवाज शिल्लक राहिला, हात गेले.

आज मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते, तेव्हा समोर बसलेला कोणीही खिशातला मोबाईल काढून गाणे हातांसकट टिपू शकतो. टिपणे सोपे झाले. टिपलेले नीट पाहणे मात्र अजून अवघडच आहे, आणि ते चौघांनी चार गावांत बसून मिळून पाहायचे असेल तर आणखी अवघड. संशोधकांना चित्रफितींचा अभ्यास दुरून एकत्र करता यावा म्हणून गेली वीस-पंचवीस वर्षे साधने घडवली जात आहेत. ती कशी चालतात, कुठे अडतात आणि सातारा-सांगलीकडच्या अभ्यासकाला ती कशी हवीत, हे समजून घेण्यासारखे आहे.

हातात उतरलेला राग

ख्याल गाताना होणारे हातवारे ही गायकाची वैयक्तिक लकब, तिचा गाण्याशी काय संबंध, असे अनेकांना वाटते. मॅथ्यू रहाइम या अमेरिकन अभ्यासकाला तसे वाटले नाही. ते गुरूसमोर बसून गाणे शिकले आणि २०१२ साली त्यांनी हिंदुस्थानी गायनातल्या हातवाऱ्यांवर एक संपूर्ण पुस्तक लिहिले. स्वर जसा चढतो, वळतो, थांबतो, तसाच हातही हवेत वाट आखत जातो. आणि शिष्य गुरूचा गळा उचलतो तेव्हा कोणी न शिकवता गुरूचे हातही थोडेफार उचलतो, असे त्यांच्या निरीक्षणांतून पुढे आले.

पुढचा टप्पा संगणकाचा. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाचे मार्टिन क्लेटन आणि मुंबई आयआयटीच्या प्रीती राव यांच्या गटांनी मिळून तीन गायकांच्या, नऊ रागांतल्या आलापांच्या चित्रफिती तपासल्या. २०२२ साली हे काम प्रसिद्ध झाले. ओपनपोज नावाची प्रणाली प्रत्येक चित्रात गायकाचे मनगट, कोपर आणि खांदा नेमके कुठे आहेत ते शोधते. हाताची ही वाट आणि गळ्याची वाट शेजारी ठेवून राग ओळखता येतो का, हे त्यांनी पाहिले. माणसे दोन देशांत आणि अभ्यासाची वस्तू एक, असे हे काम होते.

आता हातांविषयीचा एक प्रश्न मिरजेला विचारून पाहा. ख्यालगायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे तिथेच शिकले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गाण्याची ही परंपरा महाराष्ट्रभर पसरली, तशी हातांची ढबही पसरली का? याचे उत्तर एकटा संशोधक देऊ शकणार नाही. मिरजेतला एखादा बुजुर्ग गवई, साताऱ्यातला तबलजी, पुण्यातली शिष्या आणि मुंबईतली संगणकतज्ज्ञ यांनी एकाच आलापाचे तेच चाळीस सेकंद पाहायला हवेत. गवयाला रागाचे अंग दिसेल, तबलजीला लय दिसेल, शिष्येला गुरूची आठवण दिसेल, तज्ज्ञाला आलेख दिसेल. या चारही गोष्टी एकाच चित्रफितीत आहेत, पण एका माणसाच्या नजरेत मावणाऱ्या नाहीत.

एक तास म्हणजे नव्वद हजार चित्रे

चित्रफीत म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे. सेकंदाला २५ चित्रे हे एक रूढ प्रमाण. म्हणजे एक चित्र फक्त ४० मिलिसेकंद टिकते आणि एका तासाच्या मुद्रणात ९०,००० चित्रे भरतात. त्यातले महत्त्वाचे काय, हे चित्रफीत स्वतः सांगत नाही. कोणीतरी बसून ‘इथून इथपर्यंत हात वर गेला’, ‘इथे नजर वळली’ अशा खुणा कराव्या लागतात. या खुणांशिवाय चित्रफीत म्हणजे अनुक्रमणिका नसलेला जाडजूड ग्रंथ.

खुणा करण्यासाठी भाषाभ्यासकांमध्ये खूप वापरले जाणारे साधन म्हणजे ईलान. नेदरलँड्समधल्या नायमेखन येथील माक्स प्लांक संस्थेने ते घडवले आणि ते विनामूल्य मिळते. पडद्यावर वर चित्रफीत दिसते आणि खाली पोथीच्या ओळींसारख्या आडव्या पट्ट्या. एका पट्टीवर उच्चारलेले शब्द, दुसरीवर अर्थ, तिसरीवर हात, चौथीवर नजर. प्रत्येक खूण वेळेला बांधलेली असते, त्यामुळे शब्द आधी आला की हात, हे मोजता येते. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी इटलीतल्या तुरिन विद्यापीठाचे बोरिस नावाचे साधन आहे, तेही विनामूल्य.

या पट्ट्यांची गरज किती खरी आहे, हे साताऱ्याकडच्या बोलीतूनच दिसेल. फलटणच्या बोलीचा अभ्यास मॅक्सीन बर्नसन यांनी १९७३ सालच्या आपल्या प्रबंधात केला. एकाच गावात बोलण्याच्या किती तऱ्हा नांदतात, हा त्यांचा विषय. पुढे त्या फलटणच्याच झाल्या आणि तिथे त्यांनी शाळा उभी केली. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण केले, तेही याच वाटेवरचे. आता समजा, बाजारात एक बाई सांगते आहे, “हितं न्हाय, तितं ठेव.” ध्वनिमुद्रणात हे चार शब्द स्वच्छ ऐकू येतात, तरी हितं म्हणजे कुठे आणि तितं म्हणजे कुठे, हे कळत नाही. तो अर्थ तिच्या बोटात, हनुवटीच्या हलक्या इशाऱ्यात किंवा नुसत्या डोळ्यांत असतो. शब्दांची पट्टी आणि हाताची पट्टी एकाखाली एक आल्याशिवाय ते वाक्य पुरे होत नाही.

“थांब, जरा मागं घे”

चित्रफीत मिळून पाहण्याची रीत संगणकाहून जुनी आहे. १९५५-५६ च्या सुमारास कॅलिफोर्नियात पालो अल्टो येथे मानसोपचारतज्ज्ञ, भाषाशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ एकत्र जमले. ग्रेगरी बेटसन आणि रे बर्डविस्टल त्यांत होते. एका मुलाखतीच्या चित्रपटाचा थोडासा भाग त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला. कोण कधी श्वास घेतो, कोण कधी हलतो, कोणता शब्द कुठे तुटतो, हे टिपत राहिले. पुढे मंडळी आपापल्या गावी गेली, काम लांबत गेले, आणि १९७१ साली ते शिकागो विद्यापीठात मायक्रोफिल्मवर जतन झाले. छापील पुस्तक निघालेच नाही. विद्वत्तेची तिथे उणीव नव्हती. दूर बसून तोच क्षण सर्वांसमोर ठेवण्याची सोय मात्र नव्हती.

एका खोलीत बसून असे काम करताना काय घडते ते पाहा. कोणीतरी म्हणते, “थांब, जरा मागं घे.” उठून पडद्यावर बोट ठेवते. दुसरा स्वतःच्या हाताने तीच हालचाल करून दाखवतो. तिसरा मान हलवतो आणि न बोलताच त्याची शंका सर्वांना कळते. या बैठकीचा अर्धा अर्थ बोटांत आणि मानेत असतो. हेच लोक दूर गेले की हावभावांचा अभ्यास करणाऱ्यांचेच हावभाव हरवतात.

लंडनचे किंग्ज कॉलेज, ब्रिस्टल विद्यापीठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या सुमारास मिमेग नावाचे साधन याच अडचणीतून घडवले. वेगवेगळ्या ठिकाणच्या पडद्यांवर चित्रफीत एकाच वेळी चालावी, आणि एकाने चित्रावर रेघ ओढली की ती सर्वांना दिसावी, अशी ती योजना होती. अमेरिकेत स्टॅनफर्डला रॉय पी यांच्या गटाने डायव्हर हे साधन केले. लांब चित्रफितीतून आपल्याला महत्त्वाची वाटणारी चौकट आणि तेवढाच काळ कापून त्याशेजारी टिपण लिहायचे, आणि इतरांनी त्यावर बोलायचे, अशी त्याची रीत. बाकीच्या पसाऱ्यातून दुसऱ्याची नजर नेमक्या जागी नेणे, हे या दोन्ही साधनांचे खरे काम.

सर्वांपुढे तेच चित्र

आज कोणी म्हणेल, यात अवघड काय? व्हिडिओ कॉल लावावा, पडदा दाखवावा. बैठकीपुरते ते ठीक आहे. अभ्यासाला पुरत नाही. कॉलवर चित्र पोहोचायला पाव सेकंद उशीर झाला तरी सेकंदाला २५ चित्रांच्या हिशेबाने दोघांमध्ये सहा चित्रांचे अंतर पडते. साताऱ्यातला माणूस “हं, आत्ता!” म्हणतो तेव्हा सव्वाशे किलोमीटरवरच्या सांगलीतला माणूस वेगळेच चित्र पाहत असतो. शिवाय इंटरनेटचे जाळे मंदावले की कॉल आधी चित्राची स्पष्टता कमी करतो आणि बोटांची बारीक हालचाल पुसून जाते, म्हणजे ज्यासाठी बसलो तेच जाते.

यावर सरळ उपाय असा: चित्र पाठवायचे नाही, आज्ञा पाठवायची. प्रत्येकाच्या संगणकावर चित्रफितीची प्रत आधीच उतरवून ठेवायची. कोणी थांबवले तर ‘१२ मिनिटे ४ सेकंद ३२० मिलिसेकंदांवर थांब’ एवढाच निरोप इतरांकडे जातो. तो काही अक्षरांचा असल्याने कमकुवत जाळ्यावरही सहज जातो, आणि सर्वांपुढे तंतोतंत तेच चित्र थांबते. हिशेब करून पाहा. सेकंदाला ८ मेगाबिट दराची एक तासाची स्वच्छ चित्रफीत ३.६ जीबी भरते. तिचीच अर्धा मेगाबिट दराची हलकी प्रत २२५ एमबीची होते. जिथे मोबाईलचा डेटा मोजून वापरावा लागतो, तिथे हलक्या प्रतीवर खुणा कराव्या, आणि बारीक हालचाल पाहायची वेळ आली तर मूळ प्रतीतला तेवढाच तुकडा मागवावा. कोयनेच्या खोऱ्यातल्या किंवा माणदेशातल्या संशोधक विद्यार्थ्याला साधन वापरता येईल की नाही, हे अशा निर्णयांवर ठरते.

वीज गेली, जाळे तुटले तरी काम चालू राहावे आणि जाळे आल्यावर खुणा आपोआप जुळाव्यात, हीसुद्धा इथली प्राथमिक गरज आहे. मूळ चित्रफितीला कोणीही हात लावू नये. खुणा वेगळ्या फाईलमध्ये, साध्या वाचता येणाऱ्या मजकुराच्या रूपात राहाव्यात. ईलानमध्ये त्या तशाच असतात. सॉफ्टवेअर बंद पडले तरी तीस वर्षांनी दुसरे कोणीतरी त्या उघडू शकेल.

मराठीची स्वतःची एक गरज आहे, आणि ती बाहेरच्या साधनकर्त्यांना सुचणारी नाही. ‘हितं’ आणि ‘इथं’ हे दोन्ही एकाच शोधात सापडले पाहिजेत, तरी ‘हितं’ला शुद्ध करून ‘इथं’ लिहिता कामा नये, कारण बोलीचा पुरावाच त्या ‘हि’मध्ये आहे. ‘दऱ्या’मधला अर्धा र संगणकात दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. शोध घेणाऱ्या यंत्राला ते निरनिराळे शब्द वाटतात. एकाने एका तऱ्हेने आणि दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने टंकले तर अर्ध्या खुणा सापडतच नाहीत. देवनागरीसाठी साधन घडवताना ही गोष्ट पहिल्या दिवशी हाताळायला हवी.

मतभेद जपून ठेवा

साधनाच्या रचनेतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय तंत्राचा नाही, पद्धतीचा आहे: मतभेदाचे काय करायचे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे उदाहरण घ्या. २०१० साली स्थापन झालेला हा प्रकल्प कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून बनतो. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत तो पसरला आहे. जंगलात लावलेले कॅमेरे वाघाची नोंद घेतात. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत अशा कॅमेऱ्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे टिपली. त्यांत वाघांची होती ७६,६५१. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्याने दोन छायाचित्रांतला वाघ तोच की दुसरा, याचे एकच खरे उत्तर असते, आणि संगणक पट्टे जुळवून ते शोधायला मदत करतो.

माणसाच्या हातवाऱ्याचे तसे नाही. आलापातला उठलेला हात आवाहन आहे की नुसता तोल, यावर दोन जाणकारांचे दुमत होऊ शकते आणि दोघेही अडाणी नसतात. म्हणून चांगल्या साधनात आधी प्रत्येकाने दुसऱ्याच्या खुणा न पाहता आपल्या खुणा कराव्यात. एकाच फाईलवर सर्वांनी एकदम लिहायला घेतले तर वयाने किंवा अधिकाराने मोठा माणूस जे लिहील तेच इतरांना दिसू लागते. गुरूला प्रत्यक्ष विरोध न करण्याची आपली रीत लक्षात घेता ही काळजी आपल्याकडे दुप्पट घ्यायला हवी.

नंतर खुणा जुळवायच्या. दोघांनी १०० तुकडे पाहिले आणि ८० ठिकाणी मत जुळले, तर ते ८० टक्के फार वाटतात. पण दोघेही निम्म्या वेळा ‘हो’ म्हणत असतील तर निव्वळ योगायोगानेच ५० ठिकाणी मत जुळले असते. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला कापा हा निर्देशांक हा योगायोग वजा करतो: ८० मधून ५० गेले ३०, आणि १०० मधून ५० गेले ५०, तीस भागिले पन्नास म्हणजे ०.६. जुळणी खरी किती, ते असे कळते. उरलेल्या २० तुकड्यांवर बहुमताचा शिक्का मारून पुढे जाणारे साधन वाईट. ते २० तुकडे वेगळे काढून “यावर पुन्हा बसा” असे सांगणारे साधन चांगले. संशोधनातला नवा विचार बहुधा याच वीस तुकड्यांतून निघतो.

ज्याची चित्रफीत, त्याचा शब्द

चित्रफितीतल्या माणसाच्या संमतीविषयी सांगलीने एक मोठा धडा जगाला दिला आहे. १९९२ पासून सांगलीत काम करणाऱ्या संग्राम संस्थेच्या साथीने वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनी १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे व्हॅम्प, ही आपली संघटना उभी केली. २०१० साली एका परदेशी माध्यमसंस्थेने या स्त्रियांवर माहितीपट केला. आपली ओळख आणि आपले खासगी आयुष्य ज्या तऱ्हेने जगासमोर मांडले गेले, ते त्यांना मान्य नव्हते. त्यांनी तो पाहिला आणि स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून त्याला चित्रफितीतूनच उत्तर दिले.

दूरस्थ विश्लेषणाच्या साधनात चित्रफितीतल्या माणसाचा शब्द रचनेतच हवा. चित्रफीत जितक्या सहज चार गावांत पोहोचते, तितक्याच सहज नको तिथेही पोहोचते. संमतीचा एक कागद कपाटात ठेवून भागत नाही. कोणता तुकडा कोणी पाहावा, चेहरा झाकावा का, परिषदेत दाखवावा का, हे त्या तुकड्यालाच जोडलेले असावे. संमती मागे घेतली की सर्वांच्या संगणकांवरची प्रत बंद व्हावी. दिलेली संमती परत घेण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही मान्य केला आहे. आणि खुणांच्या पट्ट्यांमध्ये एक पट्टी चित्रफितीतल्या माणसाची असावी. “मी तेव्हा हात का उचलला” हे तिथे त्याने स्वतः, स्वतःच्या बोलीत सांगावे. संशोधकाची पट्टी तिच्या शेजारी बसेल, वर नाही.

सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांत भाषा, संगीत, नाट्य, समाजशास्त्र, प्राणिशास्त्र शिकणाऱ्यांना माझी विनंती आहे. महागड्या साधनाची वाट पाहू नका. गावातल्या गोंधळ्याचे, भजनी बुवांचे किंवा बाजारात भाव करणाऱ्या आजीचे चाळीस सेकंद त्यांना विचारून टिपा. विनामूल्य मिळणारे साधन उतरवून घ्या. दोघांनी वेगवेगळे बसून खुणा करा, मग जुळवा, आणि जिथे जुळत नाही तिथे भांडा. शेवटी ते चाळीस सेकंद घेऊन त्या बुवांकडे, त्या आजीकडे परत जा आणि तुमच्या खुणा दाखवून त्यांना विचारा: आम्ही बरोबर पाहिले का? त्या उत्तराची नोंद झाल्याशिवाय विश्लेषण पुरे झाले, असे मानू नका.